काहीच झालं नाही, याची नोंद

प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलं, असं बहुतेकांना वाटतं. वर्तमानपत्रांतल्या बातम्याही तसंच सांगतात. पण पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं, फक्त त्याची उपासमार सुरू झालेली असते. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापलं, वरून कडक ऊन असलं, की या शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतं. रंग मुख्यतः त्यांचाच असल्यामुळे पारदर्शक मांसाखालचा चुन्याचा सांगाडा उघडा दिसायला लागतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवालं परत वाढतात, रंग भरतो. नाही निवलं तर प्रवाळ मरतं, आणि थोड्याच दिवसांत त्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. त्यानंतर वरून पाहणाऱ्याला तो साधा खडकच वाटतो.

या पांढरं पडण्याला ब्लीचिंग म्हणतात. ते कधी आणि कुठे होईल, याचा अंदाज काढणं हे गेली अनेक वर्षं माझं काम आहे. मी शिकले संख्याशास्त्र. समुद्रात उतरायला त्यानंतर शिकले, आणि तेही आकड्यांसाठीच. तापमानाच्या रकान्यांशेजारी 'ब्लीचिंग : हो / नाही' असा एक रकाना असायचा. तो कोण भरतं, कसं भरतं, हे पाहिल्याशिवाय त्या रकान्यावर मॉडेल उभं करायला माझं मन घेईना.

जगभर वापरला जाणारा हिशोब अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या कोरल रीफ वॉचचा आहे. त्याची मांडणी कुणालाही कळेल इतकी सरळ आहे. एखाद्या जागेच्या वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं दीर्घकालीन सरासरी तापमान घ्यायचं. पाणी त्याच्या एक अंश वर गेलं की ताण मोजायला लागायचं. समजा ही सरासरी २९.५ अंश सेल्सियस आहे. पाणी आठवडाभर ३०.५ वर राहिलं, तर खात्यात १ जमा. पुढचे दोन आठवडे ३१ वर राहिलं, तर आणखी ३. एकूण ४. मागच्या बारा आठवड्यांची अशी बेरीज म्हणजे डिग्री हीटिंग वीक. घरात कुणी तापाने आजारी असलं की पारा किती चढला हे आपण बघतो, तसंच किती दिवस उतरला नाही हेही बघतो. हा हिशोब तोच आहे. बेरीज ४ च्या आसपास गेली की ठळक ब्लीचिंग दिसतं, ८ झाली की ते सर्वदूर पसरतं आणि प्रवाळं मरू लागतात, असा अनुभव. २०२३ पर्यंत ८ हीच इशाऱ्याची सर्वांत वरची पायरी होती. त्या वर्षी कॅरिबियन समुद्रात आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याला बेरीज २० च्याही पुढे गेली आणि डिसेंबरमध्ये वर आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या. पाचवी पायरी २० पासून सुरू होते. तिचा अर्थ, तिथली ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळं मरू शकतात. इशाऱ्याचा तक्ता वाढवावा लागणं ही मला आमच्या क्षेत्रातली फार वाईट बातमी वाटली. एखाद्या गावाला पूर येणं वेगळं, आणि पूररेषाच वर सरकवावी लागणं वेगळं.

आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र २०११ पासून उपग्रहांच्या तापमानावरून प्रवाळांसाठी इशारे देतं. अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात अशी ती सुरुवातीची पाच ठिकाणं. त्यांत महाराष्ट्राचा किनारा नव्हता. आपल्या किनाऱ्याला प्रवाळ आहे, हेच पुष्कळ जणांना माहीत नसतं. मालवणला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आहे, आणि त्या भागाला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खोल समुद्रातून वर आलेलं आंग्रिया बँक नावाचं पठारही आहे. त्याच्या माथ्यावर साधारण वीस मीटर पाण्याखाली प्रवाळाचं मोठं राज्य आहे.

उपग्रह इन्फ्रारेड किरणांवरून तापमान मोजतो तेव्हा त्याला पाण्याचा फक्त वरचा, केसाच्या जाडीहूनही पातळ थर कळतो. दुपारी तो थर एकटाच तापलेला असू शकतो, म्हणून या कामासाठी रात्रीची मोजमापं घेतात. ढग आले की तेही थांबतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगच असतात. शिवाय नोआचा एक चौकोन पाच किलोमीटरचा. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीसारखं बेट आपल्या सरोवरासकट, बाहेरच्या उतारासकट अशा एक-दोन चौकोनांत बसून जातं. म्हणून पाण्यात तापमापक ठेवावे लागतात. अंगठ्याएवढं उपकरण, लोखंडी सळईला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेलं, दर अर्ध्या तासाने एक आकडा टिपणारं.

मालवणला असा तापमापक काढायला गेलं की आधी तो शोधायचाच खटाटोप. उधाणाच्या दिवसांत पाणी गढूळ असतं, हाताचा पंजा दिसत नाही. म्हणून आम्ही भांगाचे दिवस निवडतो, तेव्हा ओढ कमी असते आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. सळई सापडते ती हातानेच. उपकरणावर शेवाळ, शेवाळावर गाळ, आणि एका बाजूला बारीक कालवं चिकटलेली. वर होडीत आणून चाकूच्या पाठीने ती खरवडायची, गोड्या पाण्याने धुवायचं, आणि मग तारेने नाही तर प्रकाशाच्या वाचकावर ठेवून आकडे उतरवायचे. एका एप्रिलमध्ये मी हे करत होते, तेव्हा आमचे तांडेल काका पाण्यात हात घालून म्हणाले, "बाय, औंदा पाणी हाताक कढत लागता. सुरमय खोल गेली." मी ते तारखेसकट वहीत लिहून घेतलं. त्यानंतर त्यांना दर वेळी विचारत गेले : वारा कधी पडला, मतलई किती दिवस चालला, पाणी कधी निवळलं. वारा पडणं हे माझ्या कामात फार मोठं आहे. वारा असला की समुद्र घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि लाटांमुळे ऊनही विखुरतं. वारा पडला की वरचं पाणी जागच्या जागी तापत राहतं आणि ऊन सरळ तळापर्यंत जातं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या अरबी समुद्रात हेच होतं. मोसमी वारे सुरू झाले की पाणी निवतं. म्हणून आमच्याकडे सगळा प्रश्न पाऊस कधी येतो याचा असतो. आठवडाभराच्या उशिरानेही बेरीज पुढच्या पायरीवर जाऊ शकते.

आणि गढूळपणा. मालवणला कर्लीच्या खाडीतून, गड नदीतून येणारा गाळ प्रवाळाच्या अंगावर बसतो, तो झटकण्यात त्याची ताकद जाते. पण तोच गाळ पाण्यात तरंगत असताना ऊन अडवतो, आणि ब्लीचिंगला उष्णतेबरोबर ऊनही कारण असल्यामुळे गढूळ पाण्यातलं प्रवाळ कधी कधी तगतं. चक्रीवादळाचंही असंच दुहेरी आहे. ते समुद्र ढवळून पाणी अंशा-दोन अंशांनी गार करतं, आणि त्याच लाटांनी फांद्यांची प्रवाळं मोडून टाकतं. मॉडेलला या सगळ्या गोष्टी द्याव्या लागतात : तापमान, साचलेला ताण, वारा, गढूळपणा, खोली, किनाऱ्यापासूनचं अंतर, वादळांची वारंवारता. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या जागेला चढ-उताराची किती सवय आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ देशांतल्या ३,३५१ ठिकाणांच्या १९९८ ते २०१७ या काळातल्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात दिसलं की जिथे तापमान नेहमीच वरखाली होतं, तिथे ब्लीचिंग कमी. विषुववृत्ताजवळही कमी, १५ ते २० अक्षांशांच्या पट्ट्यात जास्त. मालवण १६ अंशांवर आहे, म्हणून हे वाचताना मी थबकले होते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की दुसऱ्या दशकात ब्लीचिंग सुरू व्हायला आधीपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त उष्णता लागली. बहुधा नाजूक होती ती आधीच गेली, चिवट उरली. म्हणजे १९९८ मधल्या प्रवाळांवरून काढलेला नियम आजच्या प्रवाळांना जसाच्या तसा लावता येत नाही. ज्याचा अंदाज करायचा, तेच बदलत चाललं आहे.

तापमानाच्या हिशोबातही फटी आहेत. सरासरीच्या वर एक अंशापेक्षा कमी उष्णता खात्यात जमाच होत नाही. ०.९ अंशाने सहा आठवडे तापलेल्या पाण्याची बेरीज शून्य येते, आणि प्रवाळ फिकं पडलेलं असू शकतं. हा उंबरठा खाली आणून पाहिलेले अभ्यास आहेत, त्यांत अंदाज सुधारलेला दिसतो. पण उंबरठा खाली आणला की खोट्या इशाऱ्यांचा धोका वाढतो. किती खोटे इशारे चालतील, हे संख्याशास्त्र सांगत नाही. ते ज्यांना इशाऱ्यावरून काम बंद करायचं आहे, त्यांना विचारावं लागतं.

मॉडेल तपासताना मी एक पथ्य कडकपणे पाळते. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून अर्ध्या शिकवायला आणि अर्ध्या परीक्षेला ठेवल्या, तर निकाल फार सुंदर येतो. कारण एकाच बेटाच्या, एकाच आठवड्यातल्या दोन नोंदींपैकी एक शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत गेलेली असते. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. म्हणून मी आख्खं वर्ष बाजूला काढते. २०१० शिवाय शिकवायचं आणि २०१० विचारायचं. मग आख्खं बेट बाजूला काढायचं. असं केलं की यशाचा आकडा घसरतो. जो उरतो तो खरा. माझ्याबरोबर काम करायला येणाऱ्या मुलामुलींना तो घसरलेला आकडा दाखवायला मी सांगते, कारण पुढच्या एप्रिलमध्ये कुणीतरी त्याच्या भरवशावर बोट काढणार असतं.

पण सर्वांत मोठी खोट त्या 'हो / नाही'च्या रकान्यात आहे. जगभरच्या नोंदी चाळताना लक्षात येतं, की लोक पाण्यात उतरतात ते बहुतेक वेळा ब्लीचिंगची बातमी आल्यावर. १९९८, २०१०, २०१६ या वर्षांच्या नोंदींचे ढीग आहेत. मधल्या वर्षांत शांतता. 'मी गेलो, पाहिलं, सगळं नेहमीसारखं होतं', ही नोंद कुणी करत नाही. केली तरी जपून ठेवत नाही. मॉडेलच्या दृष्टीने या नोंदीची किंमत ब्लीचिंगच्या नोंदीइतकीच आहे. ती नसेल तर मॉडेलला कळणारच कसं, की इतकं तापूनही इथे काही झालं नव्हतं? ते प्रत्येक उष्ण आठवड्याला घाबरायला शिकतं.

एका कार्यालयात मी एका साध्या, समुद्र तापवणारा एल निनो नसलेल्या वर्षी सर्वेक्षणासाठी बोट मागितली होती. "यंदा तर काही झालेलं नाही, मग बघायचं काय?" असा प्रश्न आला आणि फाइल परत आली. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. हिशोब द्यावा लागतो, हे मला कळतं. पण तो प्रश्न मला अजून टोचतो, कारण त्याचं उत्तर लक्षद्वीपमध्ये आहे. तिथे अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या त्याच त्या प्रवाळभित्तींवर संशोधक १९९८ पासून परत परत जात राहिले. मोठ्या ब्लीचिंगच्या वर्षी गेले, तसेच काही न घडलेल्या वर्षीही गेले. त्यामुळेच आज आपल्याला सांगता येतं की १९९८ मध्ये तिथे साधारण ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळ २४ वर्षांत २० टक्क्यांच्या खाली आलं. दर उष्णतेच्या लाटेनंतर किती सावरलं, सावरायला किती वर्षं लागली आणि पुढची लाट त्याआधीच कशी आली, हे सगळं त्या मधल्या वर्षांच्या नोंदींतून दिसतं. तेवढ्या उतरणीची दोनच टोकं हाती असती, तर वाटेत काय झालं हे कधीच कळलं नसतं.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीपासून लक्षद्वीपभोवतीचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं राहिलं. पुढच्या वर्षी १५ एप्रिलला जगातलं चौथं जागतिक ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर झालं, आणि मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधल्या गंभीर ब्लीचिंगची माहिती दिली. अंदाजाचे आकडे आधीच वर गेले होते. कडमतच्या सरोवरात मी त्या दिवसांत उतरले तेव्हा पाणी अंगाला लागतच नव्हतं, इतकं ते अंगाच्या तापमानाजवळ आलं होतं.

आमच्याकडे क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉचचं रंगपत्रक असतं. हातात मावेल असा प्लॅस्टिकचा चौकोन, कडांना रंगाच्या छटांच्या चार रांगा आणि प्रत्येक रांगेत १ ते ६ अशा फिक्यापासून गडद पायऱ्या. ते प्रवाळाला न लावता शेजारी धरायचं, त्याचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग शोधायचा, आणि पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. खोल पाण्यात लाल रंग नाहीसा होतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. पण पत्रकही त्याच उजेडात असल्यामुळे तुलना बरोबर राहते. त्या दिवशी फांद्यांची अॅक्रोपोरा एकापाठोपाठ एक १ वर होती. त्यांच्यापलीकडे पोराइटिस प्रवाळाचा एक मोठा घुमट होता, माझ्या कमरेइतका उंच. वरचा माथा पांढरा, २ पेक्षा वर नाही. बाजूने खाली जाताना ३, मग ४. खाली कपारीत, जिथे ऊन कधीच पडत नाही, तिथे तो पूर्वीसारखाच तपकिरी, ५. सगळ्या घुमटाला पाणी एकाच तापमानाचं होतं. फरक फक्त उन्हाचा. पाच किलोमीटरच्या चौकोनाला माझं मॉडेल एकच शक्यता देतं, आणि तिथे एकाच जिवाच्या अंगावर सगळ्या शक्यता एकत्र होत्या. त्या घुमटाच्या कपारीतलं शैवालच पुढे पाणी निवल्यावर माथ्याकडे पसरू शकतं. तेव्हापासून आमच्या नोंदपत्रकात 'सावलीतला भाग' असा वेगळा रकाना आहे.

मला हमखास विचारतात, की समुद्र काही गार करता येत नाही, मग आधी कळून उपयोग काय? उपयोग आहे. २०१६ च्या मे महिन्यात थायलंडने ब्लीचिंग सुरू होताच डायव्हिंगची दहा लोकप्रिय ठिकाणं बंद केली, कारण उपाशी प्रवाळाला पर्यटकांच्या पायांचा, नांगरांचा, ढवळलेल्या वाळूचा मार सोसत नाही. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडात समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत नेली गेली. आपल्याकडे मे महिना म्हणजे शाळांची सुट्टी, आणि मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगची सर्वांत मोठी गर्दी; नेमकं तेव्हाच पाणी सर्वांत तापलेलं. तीन-चार आठवडे आधी अंदाज हातात असला, तर काही खडकांवरची गर्दी तेवढ्यापुरती दुसरीकडे वळवता येते, नांगराऐवजी कायमचे बोये वापरायला सांगता येतं, खाडीच्या तोंडाशी गाळ उपसण्याचं काम पावसापर्यंत पुढे ढकलता येतं. मालवणच्या पाणबुड्या मुलांशी मी हे बोलते तेव्हा त्यांना पटवावं लागत नाही. त्यांचा धंदाच त्या रंगावर आहे. लक्षद्वीपच्या मच्छीमारांचंही तेच. गळाने टुना पकडायला लागणारे छोटे जिवंत मासे त्यांना या सरोवरांतून, प्रवाळांच्या आसऱ्यातूनच मिळतात.

मात्र पुढच्या एल निनोची वाट पाहत बसून हे होणार नाही. २०२३ ते २०२५ दरम्यान जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसावी लागली. दोन लाटांमधलं अंतर आता फार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हवेत ते बारा महिने पाण्यात राहणारे थोडे तापमापक, आणि दर ऑक्टोबरात व दर एप्रिलमध्ये त्याच खडकांवर जाणारे तेच डोळे. खर्च एका रस्त्याच्या डागडुजीइतकाही नाही. मालवणच्या काही मुलांनी हे आपणहून सुरू केलं आहे. पर्यटकांना वर सोडून आल्यावर ती रंगपत्रक घेऊन परत खाली जातात आणि पाटीचा फोटो मला पाठवतात. गेल्या हंगामातल्या बहुतेक पाट्यांवर ४ आणि ५ आहेत, म्हणजे नेहमीचाच रंग, आणि सध्या मी मॉडेलमध्ये सर्वांत आधी त्याच भरते आहे.